पाहण्याचे गाणे

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाने पंक रॉक या विषयावर लेखणी उचलावी यात काहीतरी औचित्यभंग आहे, असे आमच्या स्नेह्यांपैकी निदान दोघांचे मत आहे. पैकी एकाने तर, पन्नाशी उलटल्यावर माणसाने ज्ञानेश्वरी उघडावयाची की असली थेरे करावयाची, अशी सरळ पृच्छाच केली. त्यास आमचे उत्तर इतकेच की, हा शब्द आम्हांस प्रथम भेटला तो शेक्सपिअरच्या नाटकात, आणि तेथे त्याचा अर्थ वारांगना असा आहे. पुढे अमेरिकेत तो घसरत घसरत उनाड, कुचकामी पोरगा या अर्थापर्यंत आला. आणि १९७६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधील काही तरुणांनी याच नावाचे एक मासिक काढून त्या शिवीची पदवी करून टाकली. शब्दांच्या अशा जन्मांतरांचा माग काढणे हे तर आमच्या पोटापाण्याच्या व्यवसायातच मोडते. संस्कृतात पंक म्हणजे चिखल, आणि चिखलातून काय उगवते हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे; पण ती कोटी इतकी हाताशी आहे की न करणेच बरे.

या संगीताशी आमची ओळख झाली ती मात्र शेपटाकडून. १९९१-९२ ची गोष्ट. आम्ही पुण्यास एम. ए. च्या वर्गात होतो. उपग्रहावरून येणाऱ्या परदेशी वाहिन्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, आणि केबलच्या काळ्या तारा या गच्चीवरून त्या गच्चीवर कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारख्या लोंबू लागल्या होत्या. तशा एका तारेतून एम टीव्ही नावाची अमेरिकन वाहिनी आमच्या एका मित्राच्या घरी अवतरली, आणि तिच्यावर एका रात्री आम्ही निर्वाणा या वाद्यवृंदाची एक चित्रफीत पाहिली. शाळेच्या व्यायामगृहासारखी जागा, धुराने पिवळट झालेला उजेड, बाकांवर कंटाळून बसलेली पोरे, मध्येच लांब दांड्याच्या पोताऱ्याशी नृत्य करणारा एक झाडूवाला, आणि नाचणाऱ्या मुलींच्या छातीवर वर्तुळात कोंडलेले 'ए' हे अक्षर. गाणाराचा एक शब्द कळेल तर शपथ. शेवटी ती सारी पोरे बाकांवरून उठली आणि तिने त्या जागेची धूळधाण केली. अराजकवाद्यांच्या त्या अक्षराचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. परंतु नाचणाऱ्या मुलींच्या अंगरख्यावर ते कोठून आले, हे काही उलगडेना.

आमच्या घरी गाणे म्हणजे डोळे मिटून ऐकावयाची वस्तू. वडील सवाई गंधर्व महोत्सवास जात व आम्हांसही शालीत गुंडाळून नेत. तेथे मंडपात मागे बसल्यावर गवई मुंगीएवढा दिसे, आणि त्यात काही उणे आहे असे कोणासच वाटत नसे. गाणाऱ्याचे वेडेवाकडे हातवारे हा तर श्रोत्यांनी क्षमा करावयाचा दोष होता. अशा घरात वाढलेल्यास, ज्या गाण्यातले चित्र काढून घेतले तर अर्धे गाणेच नाहीसे होईल अशा गाण्याची गाठ पडली, तेव्हा जे कुतूहल उत्पन्न झाले ते अद्यापि शमलेले नाही. त्या 'ए' अक्षराचा माग काढीत आम्ही मागे मागे गेलो, तो १९७६ च्या लंडनला जाऊन पोचलो.

तेथील परिस्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. १९७५ साली इंग्लंडात महागाईचा दर शेकडा २४ च्या वर गेला होता, पुढील वर्षी बेकारांची संख्या दहा लाखांच्या बरीच पुढे होती, आणि त्या साली ब्रिटिश सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावा लागला. शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या पोरापुढे नोकरी नव्हती, आणि करमणुकीस जे रॉक संगीत होते ते त्याच्या आवाक्याबाहेर गेले होते. त्याचा मासला पाहावयाचा असेल तर येस या वाद्यवृंदाने १९७३ साली काढलेल्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या कृतीकडे पाहावे. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूस वीस मिनिटांच्या आसपास चालणारी एकेक रचना. आणि मूळ कल्पना कोठली, तर परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील एका तळटिपेतली, जीत श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे असे आमच्या शास्त्रांचे चार भेद सांगितले आहेत! पंकच्या बंडास जी अनेक कारणे घडली त्यांत आमच्या श्रुतिस्मृतींचाही असा चिमूटभर वाटा आहे, ही गोष्ट आम्ही अभिमानाने नमूद करतो की संकोचाने, हे आमचे आम्हांसच कळत नाही.

अशा वेळी न्यूयॉर्कहून रामोन्स नावाचे चौघे आले. हे काही भाऊ नव्हेत. एकच आडनाव लावून वावरणारे चार पोरगे. बॉवरी रस्त्यावरील सीबीजीबी नावाच्या मद्यगृहात ते १९७४ पासून वाजवीत होते. १९७६ च्या एप्रिलात निघालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेस सुमारे ६,४०० डॉलर खर्च आला, तीवर चौदा गाणी होती, आणि ती सर्व मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपत होती. आमच्याकडे तेवढ्या वेळात विलंबित ख्यालाची बढत जेमतेम मार्गी लागते. त्या सालच्या ४ जुलैस ते लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवून गेले, आणि तेथील पोरांस एक गोष्ट कळून चुकली की एवढे तर आपणांसही येईल.

'आपणांसही येईल', ही पंकची खरी मंत्रदीक्षा होय. 'साइडबर्न्स' नावाच्या एका हस्तमुद्रित चोपड्यात त्याच सुमारास एक आकृती छापली गेली. गिटारीवर बोटे कोठे ठेवावयाची हे दाखविणारी तीन चित्रे, म्हणजे एकदम छेडावयाचे तीन स्वरमेळ, ज्यांस कॉर्ड म्हणतात. आणि खाली अशा अर्थाचा आदेश की, झाले शिक्षण, आता वाद्यवृंद काढा. मार्क पेरी या बँकेतील कारकुनाने १९७६ च्या जुलैत 'स्निफिन ग्लू' हे असेच एक चोपडे सुरू केले. आमच्याकडील १९६० च्या सुमारची सायक्लोस्टाइलवर काढलेली अनियतकालिके ज्यांनी हाताळली असतील त्यांस त्या शाईचा वास ओळखीचा वाटेल. मँचेस्टरच्या बझकॉक्स मंडळींनी तर सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन १९७७ च्या जानेवारीत आपली तबकडी आपणच काढली. पहिल्या हजार प्रती खपतील की नाही अशी धास्ती होती. खपल्या सोळा हजार. याच मंडळींनी १९७६ च्या ४ जूनला मँचेस्टरात सेक्स पिस्टल्स या लंडनच्या टोळक्याचा कार्यक्रम ठेविला होता. श्रोते अगदी मोजके. त्यांतले बर्नार्ड समनर व पीटर हुक हे दोघे मित्र घरी जाताना वाद्यवृंद काढावयाचा ठरवूनच गेले, आणि पुढे तो जॉय डिव्हिजन या नावाने गाजला. येथवर जे घडले ते कानांनी आणि उघड्या डोळ्यांनी घडले, समोरासमोर. टेलिव्हिजनचा त्यात हात फारच थोडा होता.

तो पडला १९७६ च्या १ डिसेंबरला, आणि त्याची हकिकत सांगावयाची तर आधी पाचगणीस जावे लागते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला फारोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता. तेथे त्याने सवंगड्यांसह एक छोटासा वाद्यवृंदही काढला होता. हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी, क्वीन या वाद्यवृंदाचा गायक. १९७५ साली त्याचे 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळजवळ सहा मिनिटांचे, नाना सोंगे बदलणारे गाणे निघाले. बी. बी. सी.च्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात त्या गाण्यावर नुसते ओठ हलविणे हास्यास्पद दिसेल, म्हणून ब्रूस गॉवर्स या दिग्दर्शकाकडून एल्स्ट्री येथे सुमारे चार तासांत एक चित्रफीत उतरवून घेतली गेली. गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाण्यावर चित्रपट काढण्याचा हा काही पहिलाच प्रयोग नव्हे, बीटल्सनी तो १९६६ साली केला होता. परंतु गाणे खपवावयाचे तर त्याबरोबर चित्र धाडले पाहिजे, हा धडा व्यापाऱ्यांनी घेतला तो येथून. गायकाच्या जागी चित्र जाऊ लागले.

आता डिसेंबरातील ती संध्याकाळ. थेम्स टेलिव्हिजनच्या 'टुडे' या कार्यक्रमात क्वीनची मुलाखत व्हावयाची होती. ते ऐन वेळी येईनात. ध्वनिमुद्रिका काढणारी ई. एम. आय. ही कंपनी त्यांची व सेक्स पिस्टल्सची एकच. तिने क्वीनच्या जागी या पोरांस पाठविले. मुलाखत घेणारे बिल ग्रंडी यांनी त्यांस डिवचले, अपशब्द बोलण्यास जवळजवळ आव्हानच दिले, आणि त्या पोरांनी ते स्वीकारले. सारा प्रकार काही मिनिटांचा; दिसला तोही लंडन आणि आसपासच्या मुलखापुरता. परंतु दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी तो देशभर नेला. एका ट्रकचालकाने संतापून आपल्या टेलिव्हिजनचा पेटारा लाथेने फोडला, असे 'डेली मिरर'ने छापले. ग्रंडींस दोन आठवडे घरी बसावे लागले, पोरांच्या दौऱ्यातील बहुतेक कार्यक्रम ठिकठिकाणच्या नगरसभांनी रद्द केले, आणि वेल्समधील केअरफिली येथे तर चित्रपटगृहाबाहेर भाविक मंडळी नाताळची भजने म्हणत निषेधार्थ उभी राहिली. ई. एम. आय.ने जानेवारीत त्यांच्याशी संबंध तोडला.

पाचगणीचा विद्यार्थी त्या दिवशी वेळेवर गेला असता तर पंकचा इतिहास कसा वळला असता, हा विचार मनोरंजक असला तरी आम्ही त्यात फार वेळ दवडीत नाही. आमचे लक्ष वेधते ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या संध्याकाळी इंग्लंडने पंक पाहिला. ऐकला नाही. ज्यांनी त्या टोळक्याची एक ओळदेखील ऐकली नव्हती, त्यांस पंक कसा बसतो, ओठ कसे मुरडतो, केस कसे विस्कटतो, एवढे कळले. आणि सेफ्टी पिना प्रत्येक घरात होत्याच. हा पोशाख तरी लंडनात उपजला होता काय? न्यूयॉर्कच्या रिचर्ड हेल याचे फाटके सदरे माल्कम मॅक्लॅरेन याने तिकडे पाहिले, त्याच्या नजरेत ते भरले, आणि किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवुडच्या जोडीने तो जे कपड्यांचे दुकान चालवीत होता त्यात ते दारिद्र्य चांगल्या किमतीस विकले जाऊ लागले. हाच मॅक्लॅरेन सेक्स पिस्टल्सचा व्यवस्थापक. त्याचे म्हणणे ऐकावे तर हे सर्व त्याचेच कारस्थान होते. आम्ही त्यावर निम्माच विश्वास ठेवतो, कारण आपण घडविले नाही त्याचे श्रेय घेणे हेही व्यापाऱ्याचे एक कसब आहे.

चित्राचा हा महिमा न्यायालयातही जाऊन पोचला. १९७७ च्या ऑक्टोबरात या मंडळींची जी दीर्घ तबकडी निघाली तिच्या नावात एक ग्राम्य शब्द होता. मराठीत त्याचे भाषांतर करण्याची जबाबदारी आम्ही घेत नाही. नॉटिंगहॅमच्या एका दुकानाने तिची वेष्टने खिडकीत लावली म्हणून १८८९ च्या एका कायद्याखाली खटला भरला गेला. बचावासाठी जॉन मॉर्टिमर हे बॅरिस्टर उभे राहिले. रम्पोल वकिलाच्या गोष्टी लिहिणारे ते हेच. त्यांनी साक्षीस कोणास बोलाविले असेल? नॉटिंगहॅम विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्सली यांस! ड्रायडन व बर्न्स यांच्या काव्याच्या किन्सलींनी सिद्ध केलेल्या आवृत्त्या ज्यांनी वापरल्या आहेत त्यांस या प्रसंगाची गोडी विशेष कळेल. प्राध्यापकमजकुरांनी शपथेवर सांगितले की, हा शब्द हजार वर्षांचा जुना आहे, मध्यंतरी तो धर्मोपदेशकांचे टोपणनाव म्हणून वापरला जाई, आणि म्हणूनच त्याचा अर्थ 'निरर्थक बडबड' असा झाला. ते स्वतःही धर्मोपदेशक होते. दंडाधिकाऱ्यांनी नाखुशीने का होईना, आरोपीस निर्दोष ठरविले. अध्यापकाने पंकवर लिहू नये म्हणणाऱ्या स्नेह्यांस आम्ही हा दाखला एकदा ऐकविला आहे.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही चित्राचे वैरी आहोत. तसे नाही. डॉन लेट्स हा जमेकन आईबापांचा लंडनमध्ये जन्मलेला मुलगा कॉव्हेंट गार्डनमधील रॉक्सी या क्लबात तबकड्या लावण्याचे काम करी. पंकच्या तबकड्या तोपर्यंत पुरेशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून तो जमेकाचे रेगे लावी, आणि गोऱ्या पोरांच्या कानात ते संगीत त्याच वाटेने शिरले. भोवतालच्या सर्वांनी गिटारी हाती घेतलेल्या पाहून त्याने सुपर-८ चा लहानसा कॅमेरा घेतला, आणि चित्रणाचे कसलेही शिक्षण नसताना रंगमंचाच्या पायथ्याशी उभा राहून समोर चालले होते ते टिपले. त्यातून १९७८ साली 'द पंक रॉक मूव्ही' हा चित्रपट झाला. चित्र हलते, मध्येच काळोख होतो, कोणाची तरी कोपरे आड येतात. तीन कॉर्डांवर गाणे होते तर एवढ्यावर चित्रपट का होऊ नये? लेट्सच्या हातातला तो कॅमेरा हेही पंकचेच एक वाद्य होते.

आणि काही गोष्टी कानास कधीच सांगता आल्या नसत्या. पॉली स्टायरीन ही मुलगी १९५७ साली जन्मलेली. आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, वडील सोमाली. आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी तिने हेस्टिंग्जच्या धक्क्यावर सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम पाहिला आणि जाहिरात देऊन आपला एक्स-रे स्पेक्स हा वाद्यवृंद जमविला. १९७८ साली ती 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये दिसली. टेलिव्हिजनवर गाणारी बाई कशी असावी याविषयीचे सर्व संकेत तिने एका दमात मोडले होते. दातांना तारा बसविलेल्या. त्या लपविण्याचा प्रयत्न नाही. वर्ण ना गोरा ना काळा, पोशाख भडक आणि ओबडधोबड, आवाज शिट्टीसारखा चिरत जाणारा. तबकडी ऐकणाऱ्यास तो आवाज कळला असता. दातांच्या तारा कळल्या नसत्या. आणि कोण्या खेड्यातील, दातांना तारा असलेल्या, तोंडावर हात धरून हसणाऱ्या पोरीस त्या ताराच पाहावयास हव्या होत्या.

येथे घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमची थोरली बहीण आमच्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी ती एका गायनवर्गास जात असे. ती नववीत असताना एके दिवशी तेथील गुरुजींनी सर्व मुलींसमक्ष तिला सांगितले की, तुझा गळा काही गाण्याचा नव्हे, तू आपली पेटीवर सूर धर. तिने तीन वर्षे सूर धरला व मग वर्ग सोडला. तेव्हापासून गणपतीच्या आरतीसही ती टाळ घेऊन उभी राहते. तोंड उघडीत नाही. लग्नानंतर सासरी कोणास या गोष्टीचा पत्ताही नव्हता. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली असता बोलता बोलता आम्ही तिला फोनवर पॉली स्टायरीनचे ते गाणे दाखविले. ताईने ते चष्मा पुसून दोनदा पाहिले. प्रथम म्हणाली, "हिचा सूर लागत नाही रे." अर्थात तिचा कान पक्का, तीन वर्षे सूर धरलेला. मग थोड्या वेळाने तिने विचारले, "हिला कुणी पेटीवर बसवलं नाही का?"

रियाजाची महती आम्ही जाणतो. वीस वर्षे षड्ज घोटलेल्या गळ्यातून जे निघते ते तीन कॉर्डांतून निघत नाही, हे सांगावयास पंकच्या भक्तांनाही लाज वाटू नये. परंतु उत्तम गाणे कोणते हा एक प्रश्न झाला, आणि गावे कोणी हा दुसरा. आमच्या गायनवर्गांनी पहिल्याचे उत्तर देताना दुसऱ्याचेही देऊन टाकले, आणि त्यात किती मुली पेटीपाशी बसल्या याची मोजदाद कोणी ठेविली नाही. सर्वांनी गवई व्हावे असे कोणी म्हणत नाही. आरती तरी म्हणावी की नाही?

तर चित्राने हे धैर्य पोचविले, इतके त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. पुढे मात्र चित्रामागे पैसा आला. द क्लॅश या त्या काळच्या सर्वांत तेजस्वी वाद्यवृंदाने 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये जावयाचे नाकारले होते, कारण तेथे वाजविल्याचे सोंग करावे लागे. बी. बी. सी.ने त्यावर तोड काढली. १९८० साली त्यांचे 'बँकरॉबर' हे गाणे चढू लागले तेव्हा तबकडी लावून तीवर कार्यक्रमातील नर्तकींस दरोडेखोरांचे सोंग देऊन नाचविले. वर नकार आला तर वऱ्हाड थांबत नाही, असा हा मामला. १९८१ च्या १ ऑगस्टला अमेरिकेत एम टीव्ही सुरू झाली, ती चोवीस तास चित्रफिती दाखविणार होती, आणि तिचे पहिले गाणेच व्हिडिओने रेडिओच्या गायकास मारल्याचे होते. चित्रफितींचा साठा इंग्रजांकडे अधिक, म्हणून इंग्रजी वाद्यवृंदांस तेथे भाव आला. द क्लॅशनेही मग १९८२ च्या जूनमध्ये टेक्सासातील ऑस्टिन येथे 'रॉक द कसबा' या गाण्याची चित्रफीत काढली. दिग्दर्शक कोण? डॉन लेट्स, रॉक्सीतला तोच. तेलविहिरींचे पंप वरखाली होत आहेत, एक अरब आणि एक ज्यू बरोबरीने नाचत चालले आहेत, मध्येच एक खवले मांजरासारखा कवचधारी प्राणी तुरुतुरु धावतो. मोठी गमतीची फीत आहे. एम टीव्हीने ती पुन्हा पुन्हा दाखविली आणि अमेरिकेत गाणे आठव्या क्रमांकापर्यंत चढले.

परंतु ती पाहताना आमचा डोळा दर वेळी ढोलांपाशी अडतो. या गाण्याचे संगीत टॉपर हेडन या त्यांच्या ढोलवादकाचे. न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहात इतर मंडळी आलेली नसताना त्याने एकट्याने त्यातले ढोल, पियानो व बास गिटार वाजवून ठेविली होती. तो हेरॉइनच्या आहारी गेला होता म्हणून मे महिन्यात त्यास वाद्यवृंदातून काढण्यात आले, आणि जूनमधील चित्रफितीत त्याच्या जागी टेरी चाइम्स हा त्यांचा जुना ढोलवादक बसला आहे. कान टॉपरला ऐकतात, डोळे टेरीस पाहतात. ज्याने गाणे केले तो गाण्याच्या चित्रात नाही, आणि जगाने गाणे म्हणून लक्षात ठेविले ते चित्र. व्यसनी माणसाबरोबर काम करणे किती कठीण असते हे आम्ही समजू शकतो. त्याबद्दल त्या मंडळींस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरी ते ढोल ऐकवत नाहीत, अगर पाहवत नाहीत. दोहोंपैकी काय ते आम्हांस नक्की सांगता येत नाही.

या चित्रशाहीविरुद्ध पंकच्या वंशजांनी हातपाय झाडले नाहीत असे नाही. कॅलिफोर्नियातील डेड केनेडीज यांनी १९८५ साली एम टीव्हीस उद्देशून, चालते व्हा अशा अर्थाचे गाणेच केले. वॉशिंग्टनच्या फुगाझी या वाद्यवृंदाने कार्यक्रमाचे तिकीट बहुधा पाच डॉलरांच्या आसपास ठेविले आणि चित्रफितींच्या बाजारात पाऊल टाकले नाही. मिनिआपोलिसच्या द रिप्लेसमेंट्स यांची युक्ती सर्वांत नामी. १९८५ च्या तबकडीतील एका गाण्यासाठी कंपनीने चित्रफीत मागितली, तेव्हा त्यांनी जी दिली तीत एक ध्वनिवर्धक पेटी दिसते. कृष्णधवल. गाणे सुरू होते, पेटी थरथरते. कॅमेरा हळूहळू मागे सरतो, कोचावर बसून सिगारेट ओढणाऱ्या कोणाचे तरी पाय दिसतात. गाणे संपते, तो उठतो, पेटीस लाथ मारतो आणि निघून जातो. आमच्या वडिलांस ही चित्रफीत खचित आवडली असती. गाणे चालू असता पाहावयास काही नसावे, हे त्यांचेच मत.

निर्वाणाच्या त्या चित्रफितीकडे आम्ही आता पुन्हा पाहतो तेव्हा तीतील दोन्ही पदर वेगळे दिसतात. १९९१ च्या ऑगस्टात ती उतरविताना बाकांवरील पोरांस दिवसभर बसवून ठेविले होते. ती खरोखरच कंटाळली, चिडली, आणि अखेर मोकळी सोडल्यावर तिने जी धूळधाण केली ती दिग्दर्शकाने शिकविलेली नव्हती. म्हणजे सोंगाच्या पोटात एक खरी गोष्ट घडून गेली, आणि नेमकी तीच पुण्याच्या गच्चीवरील तारेतून आमच्यापर्यंत येऊन पोचली. पुढील जानेवारीत त्यांच्या तबकडीने अमेरिकेच्या यादीत मायकेल जॅक्सनच्या तबकडीस पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले. लंडनच्या पोरांनी भिंतीवर ओढलेले ते वर्तुळातले अक्षर त्या पंधरा वर्षांत सरकारी छापखान्यातल्या शिक्क्यासारखे नेटके झाले होते, ही गोष्टही तितकीच खरी.

आमच्या महाविद्यालयातील तीन मुले व एक मुलगी परवा स्नेहसंमेलनात वाजविण्याची परवानगी मागावयास आली. गुडघ्यावर फाटलेल्या विजारी. फाटक्याच विकत मिळतात, असे मुलीने आम्हांस समजाविले. इंटरनेटवर त्यांच्या वाद्यवृंदाचे पान होते, त्यावर छायाचित्रे होती, एक लहानशी चित्रफीतही होती. गाणी किती बसली आहेत, असे विचारता एक बसले आहे व दुसरे बसत आहे, असे उत्तर मिळाले. आम्ही परवानगी दिली. ढोल वाजविणाऱ्या मुलाचा ठेका दर चार मात्रांनी पुढे पळत होता आणि मुलीचा आवाज वरच्या सप्तकात फाटत होता. ती फाटत असतानाही गाणे सोडीत नव्हती, आणि सभागृहाच्या पाठीमागे उभी असलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी फोन खाली ठेवून तिच्याकडे टक लावून पाहत होती.

'अॅनर्की इन द यू. के.' हे सेक्स पिस्टल्सचे पहिले गाणे १९७६ च्या २६ नोव्हेंबरला निघाले. त्यास चाळीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी, २०१६ साली, मॅक्लॅरेन व वेस्टवुड यांचा मुलगा जो कोरे याने आपल्या संग्रहातील त्या काळचे कपडे व इतर वस्तू एका नावेत घालून थेम्स नदीत नेल्या आणि पेटवून दिल्या. संस्थांनी पंकचे उत्सव करावेत आणि तो पदार्थसंग्रहालयात ठेवावा याचा हा निषेध होता. जळालेल्या मालाची किंमत त्याच्या मते पन्नास लाख पौंड. काठावर बघे होते आणि कॅमेरे अर्थातच होते. ती चित्रफीत आम्ही ताईस दाखविली. जाळण्यापेक्षा कुणाला तरी घालायला द्यायचे होते, चांगले धडधाकट कपडे, असे म्हणून तिने फोन आमच्या हाती परत दिला.